डावा मागचा दरवाजा

मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही, हे आधीच सांगून टाकते. वीस वर्षं मिरकरवाडा बंदरावर लिलावात मासळी घेते आणि रत्नागिरीतल्या हॉटेलांना पुरवते. सुरमईचा कल्ला उचलून आतला रंग बघितल्याशिवाय सख्ख्या भावाकडूनसुद्धा मासा घ्यायची नाही. माशांची पाटी वरून चकचकीत दिसली की मी आधी तळाचे दोन मासे वर काढते. बंदरावर मला मागून 'सीआयडी' म्हणतात. म्हणू देत. या आसियाच्या टेम्पोत शिळा बांगडा चढलेला कुणी एकाने दाखवावा, मी धंदा सोडीन.

तर गाडीचं सांगते.

आमचे हे, म्हणजे माझ्या लेकीचे, इकराचे अब्बा, नझीर, सव्वीस वर्षं कुवेतला ड्रायव्हर होते. एका मोठ्या कंपनीच्या मोठ्या साहेबाचे. आमच्या राजिवड्याच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर त्यांचा फोटो दिसतो. पांढरी लांबलचक गाडी, तिच्या बॉनेटवर एक हात ठेवून हे उभे, खांद्यावर पिवळं फडकं. दर ईदला असा एक फोटो यायचा. गाड्या बदलत गेल्या, केस पांढरे होत गेले, फडकं तेच. एकदा मी विचारलं होतं, फोटो काढताना तरी ते फडकं काढून ठेवावं की नाही? तर म्हणाले, ड्रायव्हरने आपली गाडी आपण पुसायची असते, आसिया, दुसऱ्याच्या हातात द्यायची नसते. मला ते फार आवडलं होतं. मी चारचौघींना सांगितलंसुद्धा.

यंदा रमजानच्या आधी हे कायमचे परत आले. आणि मी ठरवलं, आता गाडी घ्यायची. नवी कोरी. माझ्या कमाईची, माझ्या नावावर, पण चालवायची यांनी.

का, तेही सांगते. माझं माहेर हर्णेला. लग्न झाल्यापासून मी माहेरी गेले ती एस्टीने. मांडीवर इकरा, पायाशी पिशवी, दापोलीला गाडी बदलायची, उन्हात तासभर उभं राहायचं. आणि माझी भावजय? ती भावाच्या शेजारी पुढच्या सीटवर ऐटीत बसून बाजारात जायची, आणि स्टँडवर मी दिसले की काचेतून हात हलवायची. नुसता हात! तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं. एकदा, फक्त एकदा, नवऱ्याच्या शेजारी पुढच्या सीटवर बसून हर्णेला जायचं आणि तिच्या दारात उतरायचं. हे सुट्टीवर आले की मी दर वेळी म्हणायची, भाड्याची गाडी घेऊ, तुम्ही चालवा, जाऊन येऊ. की हे म्हणायचे, अगं, अकरा महिने स्टेअरिंगच धरतो, इथे तरी हात मोकळे राहू देत. मला पटायचं. मी तरी सुट्टीच्या दिवशी मासे साफ करायला बसते का?

डिलिव्हरी शुक्रवारची ठरली. नमाज झाल्यावर आम्ही तिघं कुवारबावच्या पुढच्या शोरूमला गेलो. इकराने नवा ड्रेस घातला होता. गाडीवर लाल साटीनचा कपडा घातलेला, बाजूला पेढ्याचा बॉक्स, पुठ्ठ्याची हातभर लांब चावी, आणि आमचा सेल्समन संदेश. हा अलोऱ्याचा पोरगा. गाडी बघायला पहिल्यांदा गेले तेव्हापासून 'चाची, चाची' करून याने मला गुंडाळलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला आवडलाही होता. पण त्या दिवशी एसीमध्ये उभा राहून त्याच्या कपाळावर घाम! मी मनात म्हटलं, हं.

कपडा ओढला, इकराने फोटो काढले. पांढरी शुभ्र गाडी. डोळे भरून आले माझे, खोटं कशाला सांगू. मी गाडीभोवती फिरले आणि सवयीने हात फिरवत गेले. उजवी बाजू गुळगुळीत. मागची बाजू गुळगुळीत. डाव्या मागच्या दरवाजावर हात आला आणि थांबला.

पत्रा बारीक खरखरीत लागला. संत्र्याच्या सालीसारखा.

आता हे मला कुणी शिकवलं? यांनीच! दर शुक्रवारी यांचा फोन यायचा आणि हे मला गाड्यांचंच सांगायचे. ठोकलेली गाडी कशी ओळखायची, परत रंगवलेला पत्रा हाताला कसा लागतो, दरवाजाच्या रबराखाली रंगाची कड कशी राहते, बिजागरीचा नट फिरवला असला तर त्याच्या कोपऱ्यावरचा रंग कसा उडतो. मला काय करायचं होतं त्याचं? पण आवाज ऐकत राहावंसं वाटायचं, म्हणून मी विचारत राहायची. डॉक्टरला माणसाचं शरीर कळावं तसं माझ्या नवऱ्याला गाडीचं कळतं, असं मला वाटायचं.

मी दरवाजा उघडला. रबर बोटाने बाजूला केलं. आत पांढऱ्या रंगाची कड. खाली वाकून नट बघितला. कोपरा उडालेला.

"अहो," मी हाक मारली, "जरा इकडे या बघू."

हे आले. गळ्यात शोरूमवाल्यांनी घातलेला हार. दरवाजाकडे नीट बघितलंसुद्धा नाही. नजर कुठे, तर समोरच्या भिंतीवर. "उजेडामुळे तसं वाटतं," म्हणाले.

"उजेड हाताला लागतो का?" मी म्हटलं. "हात लावून बघा. संत्र्याची साल आहे."

"नव्या गाड्यांना असं असतं कधी कधी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "संदेश, इकडे ये रे. ही गाडी ठोकलेली आहे."

"नाही हो चाची..." त्याचं ततपप सुरू झालं. "ट्रान्सपोर्टमध्ये... म्हणजे नाही... मी बघतो ना, पॉलिश मारून देतो."

तेवढ्यात मॅनेजर आला. घाटावरचा माणूस, कोल्हापूरकडचा, बोलण्यात रुबाब. "मॅडम, गाडी कंपनीतून सरळ आमच्याकडे आली. आमच्या यार्डात एक ओरखडा पडत नाही."

"मग हा नट काय उंदराने फिरवला?"

इकराने माझा दंड धरला. "अम्मी, लोक बघतायत."

"बघू देत! मी काय चोरी केलीय?" मी पेढ्याचा बॉक्स बंद करून मॅनेजरच्या हातात दिला. "गाडी इथेच राहू दे. हा दरवाजा कधी ठोकला आणि कुणी रंगवला ते शोधून ठेवा. नाहीतर मी ग्राहक मंचात जाते. आणि त्याच्या आधी अख्ख्या मिरकरवाड्यात सांगते."

निघताना मी मागे वळून बघितलं. संदेश यांच्याकडे बघत होता आणि हे संदेशकडे. अर्धा क्षणच, पण लिलावात दोन दलाल एकमेकांकडे कसे बघतात ते मी वीस वर्षं बघतेय. मला कळतं.

घरी आल्यावर इकरा आत गेली आणि हे म्हणाले, "आसिया, एवढंसं तर आहे. घेऊन टाकू."

"एवढंसं?"

"दिसतसुद्धा नाही."

ज्या माणसाला पाण्याच्या ग्लासावरचा बोटाचा ठसा चालत नाही, जो पाणी पिण्याआधी ग्लास दोनदा पुसतो, तो माणूस मला सांगतोय, एवढंसं! मी काही बोलले नाही. मी बोलायची थांबले की घरात सगळ्यांना धाक वाटतो.

मग मी आठवायला लागले. गेल्या आठ दिवसांत हे रोज अकराला बाहेर पडत होते. कुठे, तर खाडीपलीकडे भाट्याला, जुन्या दोस्ताकडे. सव्वीस वर्षांत या दोस्ताचं नाव मी ऐकलं नव्हतं. मंगळवारी तर घरी आले ते पांढरेफटक. हलवा माशाचं कालवण केलं होतं, यांच्या आवडीचं, त्याला हात लावला नाही. म्हणाले, ऊन लागलं. मी कोकमाचं सरबत करून दिलं आणि विसरून गेले. मी! कल्ला उचलल्याशिवाय मासा न घेणारी!

संध्याकाळी हे नमाजला गेले. मोबाईल चार्जिंगला होता. मी असं कधी करत नाही, पण केलं. संदेशचे सात मिस्ड कॉल. एकही मंगळवारच्या आधीचा नाही.

म्हणजे पाणी घरातच मुरतंय. माझ्या डोक्यात चित्र तयार झालं. शोरूमने ठोकलेली गाडी माझ्या गळ्यात बांधायची, आणि बायको कटकट करील तेव्हा नवऱ्याने गप्प बसवायचं. त्यासाठी यांच्या हातावर काहीतरी ठेवलं असणार. बंदरावर असंच चालतं. घेणाऱ्याचा माणूस फोडायचा.

त्या संध्याकाळी मी त्या फोटोपुढे किती वेळ बसले कोण जाणे. रडू येत होतं, पण रडले नाही. बाहेरच्याने फसवलं तर त्याच्या दारात जाऊन शिव्या घालता येतात. घरातल्याने फसवलं तर कुणाच्या दारात जायचं? मी या माणसासाठी सव्वीस वर्षं थांबले होते. आणि त्याने मला विकलं, तेही एका सेल्समनला!

शनिवारी सकाळी यांना काही न सांगता मी निघाले. सोबत कमळाला घेतलं. कमळा माझी बंदरावरची जोडीदारीण, मार्केटात मासे विकते. तिचा आवाज असा की समोरच्याची अर्धी हिंमत तिथेच जाते.

"कुणाला सोलायचंय?" तिने रिक्षात बसतानाच विचारलं.

"आधी शोरूमवाल्याला. मग घरी येऊन बघू."

"घरी कोण गो?"

मी बाहेर बघायला लागले. कमळाने माझ्याकडे बघितलं आणि पान तोंडात टाकलं.

शोरूममध्ये मॅनेजर होता. बाजूला संदेश, तोंड उतरलेलं. मी बसलेच नाही. "तुमच्या यार्डात कॅमेरा आहे ना?" मी म्हटलं. "आमच्या बर्फाच्या फॅक्टरीतसुद्धा आहे, तुमच्याकडे नक्की असणार. गेल्या आठ दिवसांचं दाखवा. मंगळवारचं."

मंगळवार हा शब्द ऐकल्यावर संदेशने मान खाली घातली. मॅनेजरला काही माहीत नसावं, कारण तो उलट खूष झाला. "जरूर दाखवू, मॅडम. मी मंगळवारी चिपळूणला मीटिंगला होतो, पण आमचं रेकॉर्डिंग चोवीस तास असतं. या स्क्रीनवरच लावतो, सगळ्यांसमोर. दूध का दूध होऊन जाऊ दे." आणि तो कॉम्प्युटरवाल्या मुलीला हाक मारायला बाहेर गेला.

संदेश माझ्याजवळ आला. "चाची, दोन मिनिटं. फक्त तुम्ही."

"जे आहे ते इथे बोल. कमळा माझीच आहे."

"नाही चाची. पाया पडतो. आधी तुम्ही एकट्या बघा. मग म्हणालात तर मीच सगळ्यांना दाखवीन, नोकरी गेली तरी."

त्याचा आवाज खोट्या माणसाचा वाटेना. खोटा माणूस मोठ्याने बोलतो, मी रोज ऐकते. मी कमळाला बसायला सांगितलं आणि त्याच्या मागे गेले. मॅट, सीट कव्हर वगैरे ठेवायची एक छोटी खोली होती. त्याने मोबाईल माझ्या हातात दिला.

यार्डातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग त्याने त्यात उतरवून घेतलं होतं. आवाज नव्हता, नुसतं चित्र. दुपारचं यार्ड, भर ऊन, माणूस नाही. माझी पांढरी गाडी. ड्रायव्हरच्या जागेवर हे, शेजारी संदेश. गाडीने एक उडी मारली आणि थांबली. पुन्हा उडी, पुन्हा थांबली. असं पाच वेळा. सहाव्या वेळी एकदम सुटली, डावीकडे वळली, आणि सिमेंटच्या खांबाला डावा मागचा दरवाजा घासत जाऊन अडकली.

"तिकडे ऑटोमॅटिक असतात गाड्या," मी पटकन म्हटलं. का म्हटलं, मला माहीत नाही. "त्यांना गियरची सवय राहिली नसेल. आणि तिकडे स्टेअरिंग डाव्या बाजूला असतं. त्याने गोंधळ होतो माणसाचा."

संदेश माझ्याकडे बघत नव्हता. "चाची, चाचांनी मला विचारलं, यातला ब्रेक कुठला."

मी पुन्हा मोबाईलकडे बघितलं.

"लायसन नाही त्यांच्याकडे. कधीच नव्हतं. मला म्हणाले, डिलिव्हरीच्या दिवशी अख्खा राजिवडा बघायला उभा राहणार, आसिया शेजारी बसणार. तेवढं शोरूमपासून घरापर्यंत नेण्याइतकं मला शिकव. रोज दुपारी, कुणी नसताना. चार दिवस मी त्यांना नुसतं बसवून दाखवलं, पाचव्या दिवशी चालवायला दिली. दरवाजा मी दोस्ताकडून रंगवून घेतला. चूक माझी आहे."

चित्र पुढे चालूच होतं. हे गाडीतून उतरले. खांबाजवळ गेले. दरवाजाकडे बघत उभे राहिले. आणि मग खिशातून पिवळं फडकं काढलं, त्याची चौपदरी घडी केली, आणि तो चेपलेला पत्रा पुसायला लागले. वरून खाली, वरून खाली. हात असा फिरत होता की डोळे मिटूनही फिरला असता. त्या हाताला स्टेअरिंग माहीत नव्हतं, पण पत्रा पाठ होता.

तेव्हा मला कळलं. संत्र्याची साल, रबराखालची कड, नटाचा कोपरा. ड्रायव्हरला कुठे एवढं कळतं? गाडी रोज हाताने धुणाऱ्याला कळतं. पन्नास डिग्रीच्या उन्हात, एकामागून एक, सव्वीस वर्षं. मी सव्वीस फोटो बघितले, एकातही हा माणूस गाडीच्या आत बसलेला नाही. आणि मला सीआयडी म्हणतात!

राग आला का? आला. फार आला. दर शुक्रवारी माझ्याशी खोटं बोललात! मी चारचौघींना सांगत फिरले, माझा नवरा साहेबाचा ड्रायव्हर! धुणारा असता तर काय मी टाकून दिलं असतं? मी स्वतः माशांची आतडी काढलीत. पण त्या फडक्याकडे बघताना राग कुठे नेऊन ठेवावा तेच कळेना.

"तू का शिकवलंस त्यांना?" मी विचारलं. "नोकरी घालवून बसला असतास."

संदेशने मोबाईल परत घेतला. "माझे बाबा मस्कतला आहेत, चाची. अलोऱ्याच्या वीज प्रकल्पावरचं काम सुटल्यावर गेले. सुपरवायझर आहेत म्हणतात." त्याने स्क्रीन बंद केली. "मी कधी जास्त विचारत नाही."

बाहेर मॅनेजरचा आवाज आला, "मॅडम, लावलंय स्क्रीनवर! मंगळवार, सकाळपासून!"

मी बाहेर आले. कमळा खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसली होती, सिनेमा बघायला बसावं तशी. कॉम्प्युटरवाली मुलगी, दोन सेल्समन, गाडी बघायला आलेलं एक जोडपं, सगळे उभे. स्क्रीनवर यार्ड, सकाळचे नऊ. मुलीच्या हातात माऊस. अकरा, साडेअकरा, ती पुढे पुढे नेत होती.

आणखी अर्ध्या तासाने बंदरावर कळलं असतं. दुपारपर्यंत राजिवड्यात. आणि रविवारपर्यंत हर्णेला, भावजयीच्या दारात.

"बंद करा ते," मी म्हटलं.

"अहो, पण तुम्हीच तर..."

"मीच ठोकली गाडी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी, जी आयुष्यात कधी 'माझं चुकलं' म्हणाले नाही. पण सुरू केलं ते पुढे नेलं. "मंगळवारी दुपारी मी आले होते. या संदेशच्या मागे लागले, मला एकदा बसू दे म्हणून. तो नाही नाही म्हणत होता. माझीच गाडी, माझ्या नावावर पासिंग झालेली, तो काय करणार? मी किल्ली फिरवली आणि खांबावर नेली. लाज वाटली, म्हणून त्याला गप्प बसवला. नंतर वाटलं, तुमच्यावर ढकलावं, नवा दरवाजा मिळेल."

मॅनेजर हसायलाच लागला. "कमाल केलीत, मॅडम! आणि काल आम्हाला एवढं सुनावलंत?"

"सुनावलं. चुकलं माझं. पण या पोराला एक शब्द बोललात तर मी अजून सुनावीन."

मॅनेजरने कमळाकडे बघितलं. "तुम्हाला माहीत होतं का हे?"

मंगळवारी अकरापासून दोनपर्यंत मी कमळाच्या शेजारी बसून कोळंबी निवडत होते. होडी उशिरा आली म्हणून आम्ही दोघींनी मिळून तांडेलाला शिव्या घातल्या होत्या.

कमळाने माझ्याकडे बघितलं. मग पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "मला सांगितलं होतं ना हिने," ती म्हणाली. "मीच म्हटलं, नको बसूस, ऐकते कुठे ही."

रिक्षात बसल्यावर कमळा एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी ठोकायला जाशील तेव्हा मला आधी सांग गो. म्हणजे उत्तर तयार ठेवीन." त्यानंतर आजतागायत तिने विचारलेलं नाही.

घरी आले तर हे पायरीवर बसले होते. मी कुठे गेले होते ते यांना कळलं असावं. उठले, पण जवळ आले नाहीत. तोंडावर रंग नव्हता.

"काय म्हणाले ते?"

"काय म्हणणार? मिटलं. मंगळवारी मी गेले होते आणि मी ठोकली, असं सांगून आले."

हे माझ्याकडे बघत राहिले. मी चपला काढल्या, पदर झटकला, उगाच पायरीवरचा केर पायाने बाजूला केला.

"आणि ऐका," मी म्हटलं, शेजारच्या घरातही ऐकू जाईल अशा आवाजात, "मी ड्रायव्हर ठरवलाय. संदेश रविवारी सुट्टीच्या दिवशी येणार. सव्वीस वर्षं दुसऱ्यांसाठी गाडी चालवलीत, आता पुरे. आता माझा नवरा मागे बसणार."

यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी आत निघून गेले. मला ते उघड्यावर, पायरीवर ऐकायचं नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी संदेश गाडी घेऊन आला. गल्लीच्या तोंडाशी गर्दी जमली. हे घरातून बादली घेऊन बाहेर आले. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी बाह्या वर केल्या आणि गाडी धुवायला घेतली. आधी टप, मग काचा, मग दरवाजे, शेवटी चाकं. फडक्याची चौपदरी घडी, एक बाजू मळली की दुसरी. थेंबाचा डाग कुठे राहिला नाही. "साहेबाची गाडी अशीच ठेवत असणार नझीरभाई," कुणीतरी म्हणालं. मी पहिल्यांदाच माझ्या नवऱ्याला कामावर बघत होते. छातीत कळ आली आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.

संदेश स्टेअरिंगवर बसला. इकराने पुढची सीट पटकावली. यांनी माझ्यासाठी डावा मागचा दरवाजा उघडून धरला आणि बाजूला उभे राहिले, हात मागे बांधून. सवयच ती.

"आधी तुम्ही बसा," मी म्हटलं.

"तू बस ना."

"आधी तुम्ही."

हे आत सरकले. मी त्यांच्या शेजारी बसले. गाडी राजिवड्यातून बाहेर पडली, बाजार मागे गेला, जयगडच्या रस्त्याला लागलो. फेरीबोटीने दोन खाड्या ओलांडून दुपारपर्यंत हर्णे. इकरा पुढे गाणी लावत होती, संदेश तिला मोबाईल कसा जोडायचा ते सांगत होता. मी बघितलं तर हे सीटच्या अगदी कडेवर बसले होते. पाठ टेकलेली नाही, दोन्ही हात गुडघ्यांवर.

बऱ्याच वेळाने हे बोलले. हळू, पुढे ऐकू जाऊ नये असं.

"मागच्या सीटवर मी कधी बसलो नव्हतो, आसिया. नुसती पुसली."

मी त्यांच्या हातातलं पिवळं फडकं काढून घेतलं आणि माझ्या पिशवीत ठेवलं.

"नीट टेकून बसा," मी म्हटलं. "आपलीच आहे."